लंडनचा प्राइड मोर्चा आणि खाणकामगारांचा बॅनर

(महासंघाच्या मराठी भाषक कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)

आजच्या विषयाची पाटी वाचून काल रात्री जेवणाच्या वेळी एका साथीने मला सरळ विचारले, "समलिंगी लोकांच्या मिरवणुकीशी युनियनचा काय संबंध? महागाई भत्ता, कंत्राटी पद्धत, खासगीकरण हे प्रश्न संपले काय?" प्रश्न रास्त आहे. त्या साथीने तो माझ्या पाठीमागे न कुजबुजता तोंडावर विचारला, म्हणून मी त्याचा आभारी आहे. त्याला आणि तुम्हा सर्वांना उत्तर म्हणून मी एका मोर्चाचा इतिहास सांगणार आहे. हा मोर्चा लंडनमध्ये दरवर्षी निघतो आणि १९८५ साली त्याच्या अग्रभागी कोळसा खाणीतल्या कामगारांचे बॅनर होते.

त्याआधी एक कबुली देतो. फार वर्षांपूर्वी मी आमच्या युनिटचा सेक्रेटरी असताना एक तरुण सभासद युनियन ऑफिसात आला. खात्यातले काही जण त्याला बायकी म्हणून चिडवत. लॉकरवर त्याच्याबद्दल घाणेरडे लिहीत. सुपरवायझर ते पाहून हसत असे. तो पोरगा अर्धा तास बसला, पण धड बोलू शकला नाही. मी त्याला सांगितले, "हा तुमचा खासगी मामला आहे, यात युनियन काय करणार?" त्याने बदली मागून घेतली आणि वर्षभरात राजीनामा दिला. त्याची वर्गणी कधी एक दिवस थकली नव्हती आणि संपात तो गेटवर उभा होता. त्याने आपले देणे दिले होते, आम्ही आमचे दिले नाही. ही बोच मनात आहे म्हणून हा विषय मी मागून घेतला.

कायदा आणि पहिला मोर्चा

इंग्लंडमध्ये पुरुषांमधील समलिंगी संबंध हा शतकानुशतके गुन्हा होता. हाच कायदा इंग्रजांनी १८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम ३७७ म्हणून आपल्या गळ्यात बांधला. म्हणजे या बाबतीत आपला आणि त्यांचा धागा जुना आहे. तिकडे १९५७ साली वुल्फेंडन समितीने हा गुन्हा रद्द करण्याची शिफारस केली. प्रत्यक्ष कायदा व्हायला १९६७ साल उजाडले, आणि तोही अर्धामुर्धा झाला. एकवीस वर्षांवरील दोन पुरुषांनी पूर्ण खासगी जागेत ठेवलेला संबंध तेवढा गुन्हा राहिला नाही. स्कॉटलंडला तो १९८० पर्यंत आणि उत्तर आयर्लंडला १९८२ पर्यंत लागू झाला नाही. सैन्य वगळले, तसे व्यापारी जहाजांवरचे खलाशीही वगळले. खलाशी म्हणजे कामगारच की! जमिनीवर जे गुन्हा नाही, ते जहाजाच्या डेकवर गुन्हा. १९९४ साली फौजदारी गुन्हा गेला; पण एवढ्या कारणावरून खलाशाला काढून टाकता येईल असा शब्दप्रयोग कायद्यात राहू दिला. तो पुसायला २०१७ साल यावे लागले.

समलिंगी स्त्रियांचे संबंध इंग्लंडमध्ये कधी गुन्हा नव्हते. पण घटस्फोटाच्या खटल्यात आई समलिंगी आहे एवढ्यावरून मुले तिच्यापासून काढून घेतली जात. कायद्याच्या पुस्तकात नाव नसले म्हणजे शिक्षा होत नाही असे नाही, हे आपल्याला कंत्राटी कामगारांच्या अनुभवावरून ठाऊक आहे.

जून १९६९ मध्ये न्यूयॉर्कच्या स्टोनवॉल नावाच्या बारवर पोलिसांनी धाड घातली. नेहमी मान खाली घालून व्हॅनमध्ये बसणाऱ्या लोकांनी त्या रात्री प्रतिकार केला. त्या ठिणगीतून १९७० साली लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये बॉब मेलर्स आणि ऑब्री वॉल्टर या दोघांच्या पुढाकाराने 'गे लिबरेशन फ्रंट' स्थापन झाली. १ जुलै १९७२ रोजी, शनिवारी, ट्रफाल्गर चौकातून हाइड पार्कपर्यंत पहिला 'गे प्राइड' मोर्चा निघाला. शनिवार निवडला, कारण नोकरी करणाऱ्याला त्या दिवशी येता येते आणि स्टोनवॉलची तारीखही जवळ पडते. आलेले लोक फार तर दोन हजार. दोन्ही बाजूंना पोलीस. मोर्चा संपल्यावर हाइड पार्कच्या हिरवळीवर त्यांनी शिदोरी उघडली, खेळ खेळले आणि उघड्यावर एकमेकांचे चुंबन घेतले. कायद्याने फक्त बंद दाराआडची परवानगी दिली होती. म्हणून उघड्यावर हात धरून चालणे हाच त्या मोर्चाचा कार्यक्रम आणि हीच त्याची मागणी होती.

'प्राइड' या शब्दाचा अर्थ आपल्याला सहज समजावा. गिरणीवाला, सफाईवाला, हमाल ही नावे शिवीसारखी वापरली जात. तीच नावे आपल्या लोकांनी बिल्ल्यावर लावून मान वर केली. तसेच हे.

नोकरीचा प्रश्न

मोर्चात चालायचे तर चेहरा दिसतो. चेहरा दिसला आणि मालकाला कळले तर? १९७९ साली स्कॉटलंडमधल्या मुलांच्या एका शिबिरात देखभाल-दुरुस्तीचे काम करणाऱ्या कामगाराला, तो समलिंगी आहे एवढ्या कारणावरून काढून टाकले. त्याच्या वर्तनाबद्दल, कामाबद्दल तक्रार नव्हती. तो न्यायाधिकरणात गेला, वर अपिलात गेला, आणि सगळीकडे हरला. बऱ्याच मालकांना असा माणूस मुलांजवळ नको वाटतो, म्हणून काढणे वाजवी आहे, असा त्या निकालांचा अर्थ झाला. पुरावा काय, तर इतरांचा पूर्वग्रह! पूर्वग्रहालाच पुरावा मानले की कोणालाही काढता येते. आज समलिंगी म्हणून, उद्या वस्ती कोणती म्हणून, परवा झेंडा कोणता म्हणून.

त्या काळी बहुतेक ब्रिटिश युनियन या बाबतीत माझ्यासारख्याच होत्या. स्थानिक स्वराज्य संस्थांतील कर्मचाऱ्यांच्या 'नाल्गो' या युनियनसारखे मोजके अपवाद होते. तिथल्या समलिंगी सभासदांनी स्वतःचे गट बांधले आणि भेदभावाचा विषय परिषदांच्या पटलावर आणला. पण खाणी, गोद्या, पोलाद कारखाने इथल्या युनियन म्हणजे पुरुषी वातावरण. तिथे असल्या विषयावर थट्टेपलीकडे काही होत नसे. मग हे बदलले कसे? ठरावाने किंवा व्याख्यानाने नव्हे, एका संपाने बदलले.

संप आणि मदत

मार्च १९८४ मध्ये ब्रिटनच्या राष्ट्रीय कोळसा मंडळाने वीस खाणी बंद करण्याचे ठरवले. त्यात सुमारे वीस हजार नोकऱ्या जाणार होत्या. आर्थर स्कारगिल यांच्या नेतृत्वाखाली नॅशनल युनियन ऑफ माइनवर्कर्सने संप पुकारला आणि तो वर्षभर चालला. समोर मार्गारेट थॅचर यांचे सरकार होते. अकरा हजारांहून जास्त लोकांना अटक झाली. युनियनने संप-वेतन दिलेच आहे असे गृहीत धरून संपकऱ्यांच्या कुटुंबांच्या सरकारी भत्त्यातून पैसे कापले गेले. प्रत्यक्षात युनियन एक पेनीही देऊ शकत नव्हती. न्यायालयाच्या आदेशाने युनियनचे निधीही जप्त झाले. मुंबईतल्या गिरण्यांचा १९८२ चा संप ज्यांनी घरात भोगला, त्यांना वर्षभराचा संप म्हणजे काय हे मी सांगण्याची गरज नाही. चूल पेटवायची तर पैसा बाहेरून यायला हवा, आणि तो जप्त होऊ नये म्हणून थेट वस्तीत पोचायला हवा.

जून १९८४ च्या प्राइड मोर्चात मार्क ॲश्टन आणि माइक जॅक्सन या दोन तरुणांनी खाणकामगारांसाठी बादल्या फिरवल्या. ॲश्टन उत्तर आयर्लंडमध्ये वाढलेला, कम्युनिस्ट पक्षाचा सभासद. त्यानंतर अकराजणांची बैठक झाली आणि 'लेस्बियन्स अँड गेज सपोर्ट द माइनर्स' ही समिती जन्माला आली. त्यांचे म्हणणे साधे होते. पोलिसांचा दंडा, वृत्तपत्रांची बदनामी आणि सरकारचा राग हे तिन्ही आम्ही रोज सोसतो. आता ते खाणकामगारांच्या वाट्याला आले आहे, तर आम्ही त्यांच्या बाजूला उभे राहिले पाहिजे. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ब्लूम्सबरीतल्या 'गेज द वर्ड' या त्यांच्या पुस्तकांच्या दुकानावर कस्टमने धाड घालून पुस्तके उचलून नेली होती. त्याच दुकानाच्या दारात ते बादल्या घेऊन उभे राहात.

सगळे समलिंगी लोक या कामावर खूश होते असे समजू नका. ज्या खाणकामगारांनी आम्हाला आयुष्यभर हिणवले त्यांना पैसे कशाला, असे बादलीसमोर थांबून विचारणारेही होते. नोव्हेंबरमध्ये काही स्त्रियांनी 'लेस्बियन्स अगेन्स्ट पिट क्लोजर्स' हा आपला वेगळा गट काढला, कारण पुरुषांच्या गर्दीत त्यांचा आवाज बुडत होता. चळवळीत हे सगळे होते आणि काम चालू राहते.

दक्षिण वेल्समधल्या नीथ, डुलाइस आणि स्वान्सी खोऱ्यांच्या मदत समितीशी या गटाने नाते जोडले. संपात शेवटपर्यंत सर्वांत भक्कम राहिलेला हा मुलूख. समितीच्या वतीने डाय डोनोव्हन हे कामगार लंडनला येऊन त्यांना भेटले. ऑक्टोबर १९८४ च्या अखेरीस लंडनहून सत्तावीस जण गाड्या भरून ऑनल्विन गावाच्या खाणकामगार सभागृहात गेले. दोन्हीकडे धाकधूक होती. लहान गाव, चर्चची सवय, खाणीचा पुरुषी रुबाब. पण पाहुण्यांना हॉटेलात नाही, कामगारांच्या घरात उतरवले गेले. ज्याच्या घरात आपण जेवतो, ज्याच्या सतरंजीवर झोपतो, त्याच्याबद्दलची भीती फार दिवस टिकत नाही. या बदलात गावातल्या स्त्रियांचा वाटा मोठा होता. अन्नाची पाकिटे बांधता बांधता त्या संपाच्या आघाडीवर आल्या होत्या. हेफिना हेडन या समितीच्या चिटणीस होत्या. तिथल्याच शान जेम्स या गृहिणी पुढे २००५ साली खासदार झाल्या.

वृत्तपत्रे ज्या शब्दाने या लोकांची निंदा करत, तो 'विकृत' हा शब्द त्यांनी स्वतःच उचलला. १० डिसेंबर १९८४ रोजी कॅमडनच्या 'इलेक्ट्रिक बॉलरूम'मध्ये 'पिट्स अँड पर्व्हर्ट्स', म्हणजे खाणी आणि विकृत, या नावाने गाण्याबजावण्याचा कार्यक्रम झाला. 'ब्रॉन्स्की बीट' हे त्या वेळचे गाजलेले गायकांचे पथक आले. एका रात्रीत साडेपाच हजार पौंडांहून अधिक निधी जमला. संपभरात लंडनच्या गटाने जमवलेली रक्कम वीस हजार पौंडांच्या वर गेली. त्यांच्या पैशातून आलेली गाडी त्यांचे चिन्ह मिरवत डुलाइस खोऱ्यात फिरत होती. डाय डोनोव्हन यांनी त्या रात्रीच्या व्यासपीठावरून वचन दिले की, तुम्ही आमचा बिल्ला लावलात, आता आम्ही तुमचा लावू.

दिलेला शब्द

मार्च १९८५ मध्ये संप मोडला. कोणतीही तडजोड पदरात न पडता कामगार बँड वाजवत, बॅनर उंच धरून खाणीत परतले. हरलेला माणूस दिलेला शब्द विसरला तर त्याला कोणी दोष देत नाही. घरात कर्ज होते आणि खाणीवर कुऱ्हाड टांगलेली होती. अशा वेळी दक्षिण वेल्सच्या कामगारांनी आपला शब्द आठवला.

२९ जून १९८५ रोजी लंडनच्या प्राइड मोर्चात खाणकामगार आणि त्यांच्या बायका आल्या. ब्लेनान्ट खाणीच्या लॉजचा बॅनर त्यांनी आणला. लॉजचा बॅनर म्हणजे काय, ते इथे बसलेल्या वणी-चंद्रपूरच्या कोळसा पट्ट्यातल्या साथींना कळेल. तो पिढ्यांचा मान असतो. कोणाच्याही मोर्चात तो काढत नाहीत. त्या दिवशी तो मोर्चाच्या पुढे चालला.

त्याच वर्षी बोर्नमथला मजूर पक्षाची परिषद भरली. समलिंगी स्त्री-पुरुषांना समान हक्क मिळावेत असा ठराव आला. त्या पक्षात युनियन आपल्या सभासद संख्येच्या प्रमाणात एकगठ्ठा मत देत. खाणकामगारांच्या युनियनने आपले वजन ठरावाच्या बाजूने टाकले आणि ठराव मंजूर झाला. पुढील काळातल्या कायद्यांची वाट या ठरावातून निघाली. साथींनो, बादलीतली चिल्लर आणि परिषदेतला ठराव यांच्यामध्ये फक्त एक वर्षाचे अंतर होते.

मार्क ॲश्टन हे सगळे फार काळ पाहू शकला नाही. एड्सने ११ फेब्रुवारी १९८७ रोजी तो गेला. वय सव्वीस. त्या दशकात या मोर्चातली किती माणसे अशी गेली! मोर्चाचे रूपही बदलले. गाणी होती, पण गेलेल्यांच्या आठवणीही होत्या आणि औषध-उपचारांच्या मागण्याही होत्या.

वार फक्त आजाराचा नव्हता. १९८८ साली थॅचर सरकारने 'कलम २८' आणले. स्थानिक संस्थांनी समलैंगिकतेचा 'प्रसार' करू नये, असा तो कायदा. कोणत्या शिक्षकाने काय बोलले तर प्रसार होतो, हे कोणालाच नक्की ठाऊक नव्हते, म्हणून सगळेच गप्प बसले. वर्गात छळ होणाऱ्या मुलाची समजूत घालायलाही शिक्षक घाबरू लागले. त्या फेब्रुवारीत मँचेस्टरला सुमारे वीस हजारांचा मोर्चा निघाला आणि लंडनचा मोर्चाही दरवर्षी फुगत गेला. ते कलम स्कॉटलंडमध्ये २००० साली आणि इंग्लंड-वेल्समध्ये २००३ साली रद्द झाले. १ डिसेंबर २००३ पासून लैंगिक कलावरून नोकरीत भेदभाव करणे बेकायदेशीर ठरले. धार्मिक संस्थांना त्यात दिलेल्या सवलतीला अनेक युनियननी न्यायालयात आव्हान दिले. सवलत रद्द झाली नाही, पण तिचा अर्थ अगदी संकुचितच घ्यावा असे न्यायालयाने म्हटले. स्कॉटलंडच्या त्या देखभाल कामगाराला जे मिळाले नव्हते, ते चोवीस वर्षांनी पुढच्यांना मिळाले.

मोर्चा कोणाचा?

पण इतिहास इथे गोड शेवट करून संपत नाही. मोर्चा वाढला तसा पैसा आला, आणि पैशाबरोबर कंपन्या आल्या. काही वर्षे मोर्चानंतरच्या जलशाला तिकीट लागले. कंपन्यांची नावे फलकांवर झळकू लागली.

२०१४ साली या संपाच्या मैत्रीवर 'प्राइड' नावाचा चित्रपट आला आणि त्या जुन्या गटाचे नाव पुन्हा लोकांच्या तोंडी आले. २०१५ मध्ये, तीस वर्षांनी, संयोजकांनी या गटाला मोर्चाच्या अग्रभागी चालण्याचे आमंत्रण दिले. गटाने सांगितले, आमच्याबरोबर कामगार युनियनही पुढे चालतील. संयोजकांनी त्या सर्वांना पुढे घ्यायला नकार दिला. मग त्या मंडळींनी अग्रभागाचा मान सोडला आणि ती मागे, युनियनच्या रांगेत जाऊन उभी राहिली. १९८५ साली कामगारांनी त्यांचा हात धरला होता. २०१५ साली त्यांनी तो सोडला नाही.

२०२२ मध्ये या मोर्चाला पन्नास वर्षे झाली. दोन हजारांवरून आकडा आता लाखांत आहे. पण मला विचाराल तर मोर्चाची मोजणी आकड्याने करू नये. संकटात कोण कोणाच्या शेजारी उभे राहिले, त्यावरून करावी.

आपल्याकडे

आपल्या देशात २ जुलै १९९९ रोजी कोलकात्यात असा पहिला मोर्चा निघाला. त्यात अवघे पंधराजण होते. मुंबईत २००८ पासून निघू लागला. इंग्रजांनी दिलेले कलम ३७७ दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये सैल केले, सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये पुन्हा आवळले, आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी सज्ञान माणसांच्या संमतीच्या संबंधांपुरते रद्द ठरवले. ज्याने कायदा दिला तो १९६७ मध्येच त्यातून बाहेर पडू लागला होता; आपण त्यानंतर एक्कावन्न वर्षे तो सांभाळला.

पण फौजदारी गुन्हा गेला म्हणून नोकरीतला जाच जात नाही. कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ झाला तर २०१३ चा कायदा तक्रारदार म्हणून फक्त स्त्रीचा विचार करतो. लॉकरवर घाण लिहिली गेलेला माझा तो सभासद आज आला, तरी त्याला त्या कायद्यात दार नाही. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला. तेव्हा क्वार्टर, वैद्यकीय सवलत, रजा या ठिकाणी 'कुटुंब' या शब्दात त्याचा जोडीदार बसत नाही. कायदा जिथे थांबतो तिथे करार सुरू होतो, हे आपण इतकी वर्षे शिकत आणि शिकवत आलो. मग सेवाशर्तींच्या पुढच्या मागणीपत्रात भेदभावविरोधी एक कलम घालायला आपल्याला कोणी अडवले आहे?

माझ्या सूचना तीनच आहेत. एक, प्रत्येक युनिटने तक्रार घेणाऱ्या कार्यकर्त्याला सांगावे की 'हा खासगी मामला आहे' हे वाक्य यापुढे बोलायचे नाही. तक्रार ऐकायची, गुप्त ठेवायची, आणि सभासदाच्या संमतीशिवाय पुढे न्यायची नाही. दोन, मागणीपत्रात ते कलम घालायचे. तीन, गेट मीटिंगमध्ये, युनियनच्या व्यासपीठावरून, 'बायकी', 'छक्का' असले शब्द विरोधकाला किंवा संपफोड्याला हिणवण्यासाठी वापरायचे नाहीत. आपणच ते वापरले तर आपला सभासद आपल्याकडे कशाला येईल?

काल ज्या साथीने मला प्रश्न विचारला, त्यांना उत्तर इतकेच. महागाई भत्त्याचा लढा ज्या सभासदांच्या बळावर लढायचा आहे, त्यांच्यात हे लोक आजही आहेत. वर्गणी देतात, संपात उतरतात आणि गप्प राहतात. ऑनल्विनच्या खाणकामगारांनी संप हरल्यावरही शब्द पाळला. आपला तर संप अजून चालू आहे.

एवढे बोलून थांबतो. प्रश्न असतील तर विचारा, तोंडावर विचारा.